अँगस वासरांच्या पोटात जिवाणू कसे रुजतात?

प्रश्न:
नमस्कार. मी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागात, मांसासाठी अँगस गाई पाळणाऱ्या एका रँचवर काम करतो. येथे गाईंचे दूध काढत नाहीत, त्यामुळे वासरे सहा-सात महिने आईसोबतच कुरणात राहतात. यंदा हंगामाच्या सुरुवातीची वासरे धडधाकट निघाली, परंतु शेवटी जन्मलेल्यांपैकी बरीच दुसऱ्याच आठवड्यात हगवणीने आडवी झाली. जन्मतःच जिवाणूंची पेस्ट चाटवावी, असा सल्ला मिळाला आहे. हे जिवाणू मुळात येतात कुठून, आणि ते बाहेरून देऊन भागेल का?

उत्तर 1 (पशुवैद्य):
जन्मतः वासराचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते. जन्ममार्ग, आईची जीभ, सडांची कातडी आणि वासरू ज्या जमिनीवर पहिल्यांदा धडपडत उभे राहते ती जमीन, यांच्यापासून काही तासांतच जिवाणू आत शिरतात. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस यांसारखे पहिले पाहुणे आतड्यातील प्राणवायू संपवतात, आणि मगच प्राणवायू न सोसणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स यांना तेथे बस्तान बसवता येते. बायफिडोबॅक्टेरियमला लागणाऱ्या खास शर्करा चिकात असतात. शिवाय गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातूनच घ्यावी लागतात आणि जन्मानंतर सुमारे 24 तासांनी आतड्याचे ते दार बंद होते. म्हणून पेस्टपेक्षा, वासरू पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्यायले का आणि ते लुचत असलेले सड शेणाने माखलेले तर नव्हते ना, हे पाहणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

तुमच्या शेवटच्या वासरांचे दुखणे बहुधा जागेत आहे. आधी जन्मलेली वासरे स्वतः फारशी आजारी न पडताही रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे रोगकारक शेणातून पसरवत राहतात, आणि उशिरा जन्मलेले वासरू थेट त्या घाणीत पडते. यावर तुमच्याच भागाच्या नावाने ओळखली जाणारी सँडहिल्स पद्धत आहे: साधारण दर आठवड्याला न व्यायलेल्या गाई नव्या कुरणात हलवायच्या, व्यायलेल्या गाई वासरांसह मागेच ठेवायच्या, आणि सर्वांत धाकटे वासरू चार आठवड्यांचे झाल्यावरच कळप एकत्र करायचे.

उत्तर 2 (खिल्लारपालक, सांगोला):
कोटीपोटाचाही, म्हणजे गाईच्या चार पोटांपैकी चारा आंबवणाऱ्या पहिल्या पोटाचाही, विचार व्हावा. दूध अन्ननलिकेच्या पन्हळीतून थेट चौथ्या पोटात जाते, त्यामुळे कोटीपोट सुरुवातीला लहानच राहते. तंतू पचवणारे जिवाणू पहिल्या आठवड्यातच तेथे पोहोचतात खरे, पण त्यांना काम मिळते ते चारा आत गेल्यावर. आमची खिल्लार वासरेही आईजवळच वाढतात. दोन-तीन आठवड्यांचे खोंड आईच्या तोंडातून लोंबणारे कडब्याचे पान ओढून चघळत बसते, तेव्हा त्या पानासोबत तिची लाळही त्याच्या पोटात जाते. कोटीपोटातील प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्मजीव) वासराला याच वाटेने मिळतात. मोठ्या जनावरांपासून पूर्ण वेगळ्या वाढवलेल्या वासरांत ते सहसा आढळत नाहीत. तुमच्या वासरांना आईचा सहवास आहे, ही फार जमेची बाजू आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. हगवण लागलेल्या प्रत्येक वासराला आम्ही तोंडावाटे प्रतिजैविक दिले होते. ते चुकले का?

उत्तर 1 (पशुवैद्य):
सरसकट द्यायला नको होते. विषाणूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही आणि नुकते रुजलेले चांगले जिवाणू मात्र मरतात. आधी मीठ-साखरेच्या तयार द्रावणाने शरीरातील पाणी भरून काढा, आईचे दूध तोडू नका, आणि ताप असेल किंवा वासरू लुचायचेच थांबले असेल, तर त्याला तपासूनच प्रतिजैविकाचा निर्णय घ्या.