तुटलेला डीएनए सांधायचाय, तर रेकबीसीडी तो खातं कशाला?

पेपर_तोंडावर: ई. कोलाय या जिवाणूत डीएनएचे दोन्ही धागे तुटले की रेकबीसीडी (रेकबी, रेकसी, रेकडी या तीन प्रथिनांचं यंत्र) त्या टोकाला चिकटतं आणि सेकंदाला साधारण १,००० बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) या वेगाने उलगडत, कापत सुटतं. इथेच माझं घोडं अडतं. दुरुस्तीला आलेला गवंडी आधी भिंतच पाडत सुटला तर कसं व्हायचं?

जुना_पेट्रीवाला: पाडतो, पण खुणेपर्यंत. डीएनएत ‘काय’ (ग्रीक अक्षर χ) नावाचा आठ अक्षरी, म्हणजे आठ बेसचा क्रम आहे: जीसीटीजीजीटीजीजी. रेकसीला तो ओळखू येतो, तोही एकाच बाजूने आलं तरच. मग यंत्र क्षणभर अडखळतं, वेग कमी होतो आणि ३' टोकाचा धागा कापणं थांबतं (धाग्याच्या दोन टोकांना ३' आणि ५' म्हणतात). ५' चा मात्र कापला जातो. उरते ३' ची मोकळी शेपटी. रेकबी तिच्यावर रेकए हे प्रथिन चढवतं, दर तीन बेसला एक. त्या ताणलेल्या धाग्याने रेकए शेजारच्या धड प्रतीत जुळणारा क्रम हुडकतं. जोड बसला की रूवएबी ही प्रथिनं तो सरकवतात, रूवसी हे प्रथिन कापून सोडवतं.

आता गंमत बघ. ४६ लाख बेसजोड्यांत हा क्रम योगायोगाने १४० वेळा यायला हवा, सापडतो हजाराच्या आसपास. म्हणून जिवाणूचा घरचा डीएनए लवकर वाचतो. मूळ लॅम्डा फाजमध्ये (जिवाणूंवर हल्ला करणारा विषाणू) ‘काय’ नाहीच, त्याचं मोकळं टोक सापडलं की फडशा! म्हणून तो गॅम नावाचं प्रथिन बनवून रेकबीसीडीलाच जखडतो.

पेपर_तोंडावर: म्हणजे पहिलं ‘काय’ आलं की हमखास थांबणार?

दोन_मायक्रोलिटर: नाही, बऱ्याचदा ओलांडून जातं. म्हणून तर वाटेत अनेक लागतात. आणि एकाच धाग्यात खिंडार असेल तर रेकबीसीडीचं कामच नाही, तिथे रेकएफ, रेकओ, रेकआर ही वेगळी प्रथिनं.

जुना_पेट्रीवाला: बरोबर, ते राहिलंच. रेकएची किंमत मला प्लेटवर कळली. एकीकडे ई. कोलायचा साधा स्ट्रेन (वाण), दुसरीकडे डीएच५अल्फा हा प्रयोगशाळेतला स्ट्रेन, ज्यात रेकए निकामी असतं. निम्मी प्लेट पुठ्ठ्याने झाकून काही सेकंद डीएनएला इजा करणारा यूव्ही (अतिनील प्रकाश) दिला. सकाळी साध्याची रेघ टोकापर्यंत उगवलेली, डीएच५अल्फाची पुठ्ठ्याच्या कडेशी सुरीने कापल्यासारखी संपलेली.

पेपर_तोंडावर: आणि आम्ही प्लाझमिड (डीएनएचं छोटं वेगळं कडं) त्याच लंगड्या स्ट्रेनमध्ये ठेवतो?

जुना_पेट्रीवाला: लंगडा आहे म्हणूनच. रेकए असेल तर प्लाझमिडमधले सारखे तुकडे आपसात जोडून टाकेल, आणि तू आठवडाभर हरवलेला इन्सर्ट (प्लाझमिडमध्ये घातलेला तुकडा) शोधत बसशील.