मदत हवी आहे: उसाच्या ट्रॅमचे जुने वाफेचे इंजिन हवेच्या दाबावर फिरवण्याबाबत

नमस्कार.

नाशिक परिसरातील आम्ही नऊ हौशी मंडळी गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी एक छोटे वाफेचे इंजिन दुरुस्त करत आहोत. एका साखर कारखान्याच्या ट्रॅमवर ऊस ओढणारे हे इंजिन चार चाकांचे आणि ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटी रुळांवर चालणारे आहे. ट्रॅमचे रूळ केव्हाच उखडले गेले. इंजिन मात्र बाभळीखाली उभे राहिले, आणि मालकांच्या लेखी परवानगीने आता ते ओझरजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवले आहे.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर उभी नोकरी केलेले एक काका आमच्यात आहेत. त्यांनी स्मोकबॉक्सची (बॉयलरच्या पुढच्या, धूर जमणाऱ्या कप्प्याची) राख उपसून खालच्या ओळीतील ट्यूबांवर (धूर वाहून नेणाऱ्या बॉयलरमधल्या नळ्यांवर) हातोडी हलकेच ठोकून पाहिली, तर तिसऱ्याच ट्यूबमध्ये हातोडीचे टोक आत गेले. त्या दिवशी बॉयलर पेटवण्याचा विषय आम्ही मिटवला. दहा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाखालचे पाणी सुमारे १८४ अंश सेल्सियसवर असते आणि पत्रा फाटल्यास त्यातील बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, हे काकांनी समजावल्यावरही दोघे जण अजून रुसलेले आहेत; वाफेशिवाय इंजिन म्हणजे नुसते शोभेचे लोखंड, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. रॉड हलताना आणि चाक फिरताना शाळेतल्या मुलांना दिसले, तरी पुष्कळ झाले.

म्हणून बॉयलरला अजिबात हात न लावता, स्मोकबॉक्समधील मुख्य स्टीम पाइप सोडवून, बॉयलरच्या बाजूला ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावून दाबाखालची हवा थेट सिलिंडरच्या स्टीम चेस्टमध्ये (सिलिंडरला वाफ वाटणाऱ्या पेटीत) सोडावी, असा विचार आहे. गंजक्या बॉयलरमध्ये हवा भरणेही धोक्याचेच, त्यामुळे ती वाट आम्ही धरणार नाही. इंजिन सध्या स्लीपरच्या चौथऱ्यावर चढवले असून चाके अधांतरी आहेत. दोन्ही पिस्टन पूर्ण जाम होते. डिझेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण तीन आठवडे मुरवत ठेवले, तेव्हा कुठे पहारीने रेटल्यावर उजवे चाक बोटभर सरकले आणि सिलिंडरखालच्या ड्रेन कॉकमधून (निचऱ्याच्या तोटीतून) काळेकुट्ट पाणी आले.

खरा पेच हवेचा आहे. सिलिंडरचा व्यास १८० आणि स्ट्रोक ३०० मिलिमीटर धरला, तर चाकाच्या एका फेऱ्यात दोन्ही सिलिंडर, पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी, मिळून सुमारे ३० लिटर जागा भरावी लागते. दाब दोन किलो ठेवला तर ती साध्या, न दाबलेल्या हवेच्या हिशोबात तिप्पट, म्हणजे ९० लिटर होते, आणि मिनिटाला वीस फेऱ्यांसाठी जवळपास १,८०० लिटर, म्हणजे ६४ घनफूट हवा लागेल. गॅरेजमधला दोन हॉर्सपॉवरचा कंप्रेसर याच्या जवळपासही जात नाही. विहिरीच्या खडकात भोके पाडणारा ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आमच्याकडे भाड्याने सहज मिळतो. तो कोणी अशा कामासाठी वापरला आहे का? त्याच्या हवेतील पाणी आणि तेल गाळायला मध्ये काय बसवावे? वाफेच्या सिलिंडरचे घट्ट तेल थंड हवेत चालणार नाही, हे कळते. मग लुब्रिकेटरमध्ये (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या भांड्यात) कोणत्या जाडीचे तेल घालावे?

दुसरी अडचण अशी की डाव्या बाजूच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधील व्हाइट मेटल (आतून ओतलेला मऊ मिश्रधातूचा थर) निघून गेले आहे. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत जुन्या पद्धतीने व्हाइट मेटल ओतून, पुढे लेथवर बोअर करून देणारे कारागीर कोणाला ठाऊक आहेत का? चौकशी केली तेथे बहुतेकांनी नवा बुश बसवा असे सुचवले, पण मूळ बनावट शक्यतो बदलू नये, अशी आमची इच्छा आहे. इगतपुरीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने हाताळलेली पिढी आता जवळपास राहिली नाही. तरीही कोणाच्या घरी वडील वा आजोबांकडून ऐकलेले काही असेल, तर जरूर लिहावे.

शेवटचे, पण तातडीचे. बॉयलरवरील बाहेरचा आच्छादनाचा पत्रा कोपऱ्यातून उचलला, तेव्हा खाली वाळलेल्या चुन्यासारखा पांढरा, तंतुमय थर दिसला. तो ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून आम्ही काम थांबवले आहे. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही आणि कोरडे खरवडणे तर मुळीच चालणार नाही. नमुना तपासून देणारी प्रयोगशाळा आणि नंतर तो थर रीतसर काढून नेणारी मंडळी कोठे मिळतील? तोवर त्या भागावर ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक बांधून ठेवले आहे.