मायले घेऊन बँकॉक, तीन दिवस

प्रश्न (दारव्हा): कापूस विकून झाला. शुक्रवार ते रविवार मायले बँकॉक दाखवतो. ती माळकरी, लसूणही खात नाही. तिले बुद्धाची मोठी मूर्ती पाहाची हाय. कसं फिरवू, काय खाऊ घालू?

उत्तर: भाऊ, वाट फो या बुद्धाच्या देवळात सकाळीच जा (थाईत 'वाट' म्हंजे देऊळ). निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब हाय. तळपायावरचं शिंपल्याचं नक्षीकाम पाहून माह्या मायचे जोडलेले हात सुटेचनात! खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत, लुगडं चालते. मंग नावेनं पल्याड वाट अरुण.

उत्तर: खाण्यासाठी 'जे' हा थाई शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर त्याची लाल अक्षरं दिसली तं तिथं मांस, अंडी, लसूण काहीच नसते. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी भरते, ऊन चढाच्या आधी जा.

विचारणारा: 'जे' वहीत लिहून घेतलं. पहिल्या दिवसासाठी दशम्या बांधतोच.