शब्दचर्चा : मोशन सेन्सर, फिंगरप्रिंट रीडर आणि 'येथे बोट ठेवा'

मूळ प्रश्न

स्मार्टफोनच्या वापराविषयीची एक छोटी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम मी सध्या करत आहे. तिच्यातील दोन प्रकरणांमध्ये मोशन सेन्सर आणि फिंगरप्रिंट रीडर यांचे रोजच्या व्यवहारातील उपयोग सांगितले आहेत, आणि नेमके तिथेच काम अडले आहे. पहिल्या मसुद्यात मी 'गतिसंवेदक' आणि 'ठसावाचक' असे दोन शब्द योजले होते. मसुदा वाचून देणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी पहिल्या शब्दाखाली 'हे वेग मोजते का?' असे लिहिले, दुसऱ्याखाली नुसते प्रश्नचिन्ह काढले, आणि 'येथे बोट ठेवा' या सूचनेसमोर समासात 'कोणाच्या दोषावर?' अशी नोंद केली. या तिन्ही जागी काय लिहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे. इंग्रजी शब्द तसेच ठेवायला माझी हरकत नाही, पण ते ठेवायचे झाल्यास त्यामागे काही विचार असावा, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपल्या स्नेह्यांनी तिन्ही ठिकाणी अचूक अडवले आहे. आधी पहिल्या शब्दाचे पाहू. शाळेच्या भौतिकशास्त्रात गती, चाल, वेग आणि त्वरण यांच्यात काटेकोर फरक केलेला असला, तरी बोलण्यात गती म्हणजे वेगच असतो. 'गतिरोधक' वाहनाचा वेग कमी करतो, वाहन अडवून धरत नाही. शिवाय एखाद्याला 'गणितात गती असते', तो अर्थ आणखी निराळा. त्याऐवजी 'चलन' घ्यावे, तर ते थेट पैशांकडे जाते. उरतो 'हालचाल'. हा शब्द सरळ आणि सर्वांच्या ओळखीचा आहे. मात्र त्याचे अनेकवचन केले, की 'हालचालींवर लक्ष ठेवणे' यातला पाळतीचा वास त्याला येऊ लागतो. म्हणून तो एकवचनातच वापरावा, असे माझे मत आहे.

परंतु खरा घोळ याहून खोल आहे, आणि तो मूळ इंग्रजी शब्दातच आहे. जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लावणाऱ्या उपकरणालाही मोशन सेन्सर म्हणतात. ते उपकरण स्वतः भिंतीवर स्थिर असते, आणि बहुधा माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांमधला बदल टिपून समोर कोणीतरी हलले, हे ओळखते. फोनमधल्या मोशन सेन्सरचे काम याच्या नेमके उलट आहे. समोरून कोण गेले, याचा त्याला पत्ताही नसतो. स्वतः फोन हलला, कलला, फिरला किंवा पडला, एवढेच त्याला कळते. (२०१९ च्या पिक्सेल ४ या फोनमध्ये समोरच्या हाताची हालचाल टिपणारे छोटे रडार होते, पण तो अपवाद झाला.) म्हणजे एक दुसऱ्याची हालचाल ओळखतो आणि दुसरा आपली स्वतःची, आणि उपयोगांचे प्रकरण वाचणाऱ्याला हा फरक कळला नाही, तर 'फोन घरी ठेवून गेलो, तर चोर आल्याचे त्याला कळेल का?' असा प्रश्न तो विचारणारच. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'फोनची हालचाल ओळखणारा सेन्सर' असे पूर्ण लिहावे, आणि पुढे सुटसुटीतपणासाठी 'हालचाल-सेन्सर' म्हणावे.

या नावाखाली फोनमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. पहिला ॲक्सेलरोमीटर. याला 'त्वरणमापक' असा प्रतिशब्द आहे आणि शास्त्रीय लेखनात तो चालतो, पण सामान्य वाचकाला तो फसवतो, कारण टेबलावर निवांत पडलेल्या फोनचा ॲक्सेलरोमीटर शून्य दाखवत नाही; तो ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो, आणि फोन हातातून निसटून खाली पडत असताना मात्र जवळजवळ शून्य दाखवतो! याचे कारण त्याच्या रचनेत आहे. सिलिकॉनमध्ये कोरलेले एक अतिसूक्ष्म वजन लवचीक पट्ट्यांवर तोललेले असते. फोनला हिसका बसला किंवा तो कलला, की हे वजन किंचित सरकते, त्याच्या आणि शेजारच्या कंगव्यासारख्या दात्यांमधले अंतर बदलते, आणि त्या बदलाची विद्युत मोजणी होते. फोन स्थिर असताना ते वजन गुरुत्वाकर्षणाने ओढलेलेच असते. आपल्या भाषेत सांगायचे, तर हा गवंड्याचा ओळंबा आहे. फक्त दोरीऐवजी त्याला स्प्रिंग आहेत. एवढे एक वाक्य पुस्तिकेत घातले, तर पडदा आडवा-उभा का होतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही: फोनला 'खाली' कुठे आहे ते कळते, म्हणून. आणि फोनच्या कडेवर चौकट सरळ लागली आहे की नाही हे पाहता येते, तो उपयोग सांगताना 'पाणसळ' हा तयार शब्द हाताशी आहेच.

दुसरा भाग जायरोस्कोप. लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हे नाव दिले, ते 'वर्तुळ' आणि 'पाहणे' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. त्याचे उपकरण म्हणजे वेगाने फिरणारे चाक होते, म्हणून 'भोवरा' हा शब्द मलाही मोहात पाडतो. पण फोनमध्ये काहीच गरगरत नाही. तिथे एक सूक्ष्म वजन सतत थरथरत ठेवलेले असते, आणि फोन वळवला की त्या थरथरीला आडवा ओढा बसतो. त्या ओढ्यावरून वळण्याचा वेग कळतो. न फिरणाऱ्या वस्तूला भोवरा म्हणणे पटत नाही आणि 'घूर्णनमापक' जिभेवर बसत नाही. जायरोस्कोप तसाच ठेवावा. पडदा वळवण्यापुरता ओळंबा २००७ च्या पहिल्या आयफोनमध्येही होता, जायरोस्कोप २०१० च्या आयफोन ४ मध्ये आला. तेव्हा या शब्दाला मराठीत रुळायला वेळ मिळालेला आहे.

आता नामे बाजूला ठेवून क्रियापदांकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण मराठीची खरी श्रीमंती तिथे आहे आणि उपयोगांचे प्रकरण तर क्रियापदांवरच चालते. फोनचे तोंड खाली करून ठेवले की घंटी बंद करण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. त्यासाठी 'फोन पालथा ठेवा' याहून नेमके काय म्हणता येईल? त्याच्या उलट 'उताणा'. खेळात गाडी वळवायला फोन 'कलवतात'. पावले मोजणारा फोन पाय पाहत नसतो, तो चालण्याचा 'ठेका' मोजतो. म्हणूनच ढकलगाडीत ठेवलेल्या फोनची पावले कमी भरतात. छायाचित्र काढताना हाताचा 'कंप' टिपून भिंग किंवा चित्र उलट दिशेला सरकवले जाते. बोगद्यात उपग्रहाचा संकेत तुटला, तरी नकाशावरचा ठिपका काही काळ पुढे सरकत राहतो, तो या सेन्सरांच्या अंदाजावर. गाडीला बसलेला मोठा 'गचका' ओळखून मदतीसाठी फोन लावणे, हा उपयोगही आता काही फोनमध्ये आहे. आणि २०२० मध्ये गूगलने सुरू केलेली भूकंपसूचना यंत्रणा चार्जिंगला लावून निश्चल ठेवलेल्या असंख्य अँड्रॉइड फोनमधल्या ओळंब्यांनाच जमिनीचा 'हादरा' विचारते.

या सगळ्यांत मला सर्वाधिक आवडलेले उदाहरण २०२४ चे आहे. हातातून फोन ओढून कोणी पळाल्यास त्या हालचालीवरून ते ओळखून पडदा कुलूपबंद करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली. इंग्रजीत या सोयीचे वर्णन करायला बरेच शब्द खर्ची पडतात. मराठीत 'हिसका' आणि 'हिसकावणे' हे शब्द एकाच घरातले आहेत: सेन्सरला हिसका कळतो, म्हणून फोन हिसकावल्याचे कळते.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले. फक्त 'संवेदक' टाळून 'सेन्सर' का, याचे कारण सांगितलेले दिसले नाही, म्हणून थोडी भर घालतो. 'संवेदक' शब्द चुकीचा नाही, परंतु 'संवेदना' आणि 'संवेदनशील' यांच्या सहवासामुळे त्याला मनाचा स्पर्श आहे, आणि यंत्राला मन असल्याचा भास आजकाल असाही फार निर्माण केला जातो. 'सेन्सर' कोरडा आहे, म्हणून बरा. मात्र मुद्रितशोधकाला बजावून ठेवावे: एका मात्रेने त्याचा 'सेन्सॉर' होतो आणि मग फोन आपले संभाषण कापतो की काय, अशी शंका येते.

एक आक्षेपही नोंदवतो. ओळंब्याची उपमा सुंदर आहे, पण ओळंबा पाहिलेलाच नाही, अशा तरुण वाचकाला ती उपमाच समजावून सांगावी लागेल.

प्रतिसाद ३

ओळंब्याला मी तरी पाठिंबा देईन. न पाहिलेली वस्तूही एका वाक्यात दाखवता येते. आता दुसऱ्या शब्दाविषयी लिहितो.

'ठसावाचक' ऐकताच अडखळायला होते, याचे कारण व्याकरणाच्या पुस्तकात सापडते. समासाच्या शेवटी आलेला 'वाचक' मराठीत बहुतेक वेळा 'वाचणारा' नसून 'दाखवणारा, त्या अर्थाचा' असतो: भाववाचक नाम, कालवाचक आणि स्थलवाचक क्रियाविशेषण. त्या न्यायाने 'ठसावाचक' म्हणजे 'ठसा या अर्थाचा शब्द' असे काहीतरी होते. आपल्या स्नेह्यांचे प्रश्नचिन्ह बहुधा तेच म्हणत असावे.

तरीही 'वाचणे' हे क्रियापदच इथे किती लागू पडते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. बोटाच्या टोकावर बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा असतात. सेन्सरवर बोट टेकले की उंचवटे पृष्ठभागाला भिडतात आणि खाचांमध्ये हवा राहते. या फरकाने विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जागोजाग बदलते आणि त्यातून रेषांचा नकाशा तयार होतो. पडद्याखालचे काही सेन्सर हेच काम प्रकाशाने करतात, तर काही श्राव्यातीत ध्वनीने. त्यानंतर रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांची पूर्वी साठवलेल्या नोंदीशी जुळणी होते. म्हणजे यंत्र ठसा वाचून 'हा अमुक मनुष्य आहे' असे ओळखत नाही. 'नोंदवलेल्या ठशांपैकी एखाद्याशी हा जुळतो की नाही', एवढेच ते ठरवते. म्हणून मी 'ठसेजुळणी' हा शब्द सुचवतो. भागाचे नाव हवेच असेल, तर 'ठसा-सेन्सर'. सरकारी आणि पोलिसी लिखाणातला 'अंगुलिमुद्रा' हा शब्द भारदस्त आहे, पण फोन उघडण्यासारख्या क्षुल्लक कामाला तो जड होईल.

जुळणी म्हटले, की चुकण्याची शक्यताही आपोआप सूचित होते आणि तेही चांगलेच आहे. २०१३ च्या आयफोन ५एस पासून आलेल्या टच आयडी या ठसेजुळणीबाबत, एका नोंदवलेल्या बोटाशी परक्या बोटाची चुकून जुळणी होण्याची शक्यता ५०,००० मध्ये १ असल्याचे ॲपल सांगते. उलट बाजूने, स्वतःचेच बोट नाकारले जाण्याचा अनुभव तर प्रत्येकाला आहे. भांडी घासून आल्यावर माझी बोटे सुरकुतलेली असतात आणि फोन मला अगदी परका मानतो. पुसून, फुंकर मारून, अंगठा तीनदा टेकवून झाल्यावर शेवटी आकडे दाबावे लागतात. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही पहिल्यांदा आकडेच मागितले जातात. पुस्तिकेत हे अवश्य लिहावे, नाहीतर लोक फोन बिघडला असे समजतील.

'ठसा जतन होतो' हे वाक्य मात्र जपून वापरावे. फोनमध्ये बहुधा ठशाचे चित्र राहत नाही, त्यावरून काढलेली गणिती नोंद राहते, आणि ती एका वेगळ्या सुरक्षित कप्प्यात असते. 'ठशाची सांकेतिक नोंद' असे म्हणता येईल.

आता सूचना. 'बोट ठेवणे' म्हणजे नेमका दोष दाखवणे, हे आपल्या स्नेह्यांनी दाखवलेच आहे (म्हणजे बोट ठेवलेच आहे). 'बोट दाखवा' याने आरोप होतो, 'अंगठा दाखवा' याने फसवणूक होते, आणि 'अंगठा उमटवा' म्हटले की शाई आठवते. लोक बोलताना 'अंगठा लावा' म्हणतात, तेही चालेल. मी 'बोट टेकवा' घेईन, कारण टेकवण्यात हलकेपणा आहे आणि पुन्हा उचलणे गृहीत आहे. प्रथम नोंद करताना फोन 'उचला, पुन्हा टेकवा' असे अनेकदा सांगतो, ते याचसाठी: सेन्सर लहान असल्यामुळे एका वेळी बोटाचा तुकडाच टिपला जातो आणि असे अनेक तुकडे लागतात.

उपयोगांत कुलूप उघडणे आणि पैसे देताना संमती देणे हे दोन सर्वांना ठाऊक आहेत, त्यावर अधिक लिहायची गरज नाही. कमी ठाऊक असलेले तिथे यावेत. सेन्सर पाठीमागे असलेल्या काही फोनमध्ये त्यावरून बोट खाली ओढले की सूचनांचा पडदा उतरतो. काहींत त्यावर टेकले की छायाचित्र निघते. फक्त टिपणवही किंवा चित्रसंग्रह बंद ठेवून फोन मुलाच्या हाती देता येतो. वेगवेगळ्या बोटांना वेगवेगळी कामे नेमून देता येतील, ही शक्यता मला फार आकर्षक वाटते: तर्जनीने फोन उघडावा, अनामिकेने विजेरी लागावी. पाचही बोटांना स्वतंत्र नावे असलेल्या भाषेत त्या सूचना लिहिणे तरी अवघड जाऊ नये.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. 'हालचाल-सेन्सर', 'ठसा-सेन्सर' आणि 'ठसेजुळणी' असे तीन शब्द घेत आहे. ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप तसेच राहतील, आणि ओळंबा एका चित्रासह येईल, म्हणजे आक्षेपाचेही समाधान होईल. जिन्यातल्या दिव्याचा फरक मी प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात घातला आहे. स्नेह्यांना सुधारित पान दाखवले. 'बोट टेकवा' यावर त्यांनी काही लिहिले नाही. 'फोन पालथा ठेवा' याखाली मात्र त्यांनी रेघ ओढून 'की उपडा?' असे विचारले आहे. माझ्या कानाला भांडे उपडे आणि माणूस पालथा असतो. फोन या दोहोंपैकी कोणाच्या पंगतीत बसतो, हे कोणी सांगेल काय?