कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायलाच तयार नाहीत, काय बघू?

प्रश्न

नमस्कार मंडळी. चौदा कोंबड्या, एक कोंबडा, एक दुभती गाय, तिची कालवड आणि दोन शेळ्या एवढा माझा पसारा. सहा वर्षं हे सगळं बघतेय, पण गेल्या दहा दिवसांत जे चाललंय ते याआधी कधी पाहिलं नव्हतं.

एरवी दिवेलागणीला गाईला आंबोण ठेवून मी वळते, तोवर कोंबड्या आपणहून आत शिरून दांडीवर ओळीने बसलेल्या असतात. मोजायच्या आणि दार लावायचं, एवढंच काम उरतं. आता त्या दारापर्यंत येतात, आत मान घालून बघतात आणि मागे फिरतात. अंधार पडला की निम्म्या गोठ्याच्या वाशावर, तीन-चार शेळ्यांच्या गव्हाणीच्या काठावर, आणि दोन तर थेट गाईच्या पाठीवर. एकेक पकडून डालायला अर्धा तास जातो, आणि आत गेलेल्याही रात्रभर फडफडत राहतात. सकाळी गव्हाणीत शिट पडलेली असते. ती वैरण गाय तोंडात घेत नाही, सगळी काढून टाकावी लागते.

अंडी रोज नऊ-दहा निघायची, ती चारवर आली. खाद्य बदललेलं नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, कोंबडीमागे रोज साधारण 110 ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. पाणी दोनदा बदलते. मानमोडीची लस वेळेवर झाली आहे. हगवण नाही, नाकातून पाणी नाही, घशात घुरघुर नाही. तुरे मात्र फिके वाटतात.

सगळ्यात जास्त काळजी एका खुडूक कोंबडीची आहे. खुराड्यातच कोपऱ्यातल्या पाटीत तिला अकरा अंड्यांवर बसवलंय, आज तेरावा दिवस. खुडूक कोंबडी हात लावू देत नाही, अंग फुगवून चोच मारते. ही काल उचलली तर हाताला वजनच लागेना. तुरा जवळजवळ पांढरा, चोच मारायचंही त्राण नाही. पोटाखाली, पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी, सगळीकडे पिसं उलटून पाहिली. उवा नाहीत, लिखाही नाहीत.

सापाची शंका आली म्हणून खुराड्याभोवती राख पसरून ठेवली होती, तिच्यावर काही उमटलं नाही. खुराडं लाकडी आहे, दांड्या बांबूच्या, सुतळीने बांधलेल्या. खाली चार बोटं भुसा, तो दर आठवड्याला हलवते आणि महिन्याने बदलते. अजून काय बघू?

पहिला प्रतिसाद

मला तरी साप किंवा मुंगूसच वाटतं. राखेवर ठसा नाही म्हणून कोणी आलंच नाही असं धरू नका, साप छपराकडूनही उतरतो. आणि कोंबड्यांची म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, खालची कड वीतभर जमिनीत गाडा. आमच्याकडे एकदा रात्री काहीतरी शिरून गेलं, त्यानंतर पंधरा दिवस कोंबड्या आत पाऊल टाकत नव्हत्या.

दुसरा प्रतिसाद

अंड्यांचं कारण वेगळं असू शकतं. दिवस लहान झालाय का? अंडी चालू राहायला कोंबडीला दिवसाकाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. पिसं झडत असतील तरी अंडी थांबतात, कारण खाल्लेली प्रथिनं नव्या पिसांकडे जातात. खुराड्यात पिसांचा सडा असेल तर थोडे दिवस धीर धरा.

मूळ प्रश्नकर्ती

जाळी अर्ध्या इंचाचीच आहे आणि छपराला फट नाही. पिसं मागेच झडून गेली, आता सगळ्यांच्या अंगावर नवी आहेत.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. परवा तीन अंड्यांवर बारीक तांबडे ठिपके होते. तलंगा पहिल्यांदा अंड्यावर येतात तेव्हा कधीकधी रक्त लागतं, पण माझ्याकडे आता तलंगा नाहीत. आणि सकाळी खुराडं झाडून आले की मनगटापर्यंत खाज सुटते. भुशामुळे असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तिसरा प्रतिसाद

ताई, ते ठिपके आणि ती खाज, तुमचं उत्तर त्यातच आहे. तुम्ही दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधताय. तो किडा दिवसा तिच्या अंगावर नसतोच.

मी लाल माइटबद्दल बोलतोय. टाचणीच्या टोकाएवढा. उपाशी असला की राखाडी, रक्त प्यायला की लाल. दिवसभर लाकडाच्या फटीत, खिळ्याच्या भोकात, दांडीच्या टोकाशी लपतो. अंधार झाला की बाहेर येतो, बसलेल्या कोंबडीच्या पायावरून वर चढतो, पोट भरलं की परत फटीत. उवा चोवीस तास अंगावर राहतात म्हणून हाताला लागतात. हा लागत नाही. तुमच्या कोंबड्यांना मात्र तो कुठे असतो ते ठाऊक आहे, म्हणून त्या दारातून मागे फिरतात. बिचाऱ्या खुडूक कोंबडीला उठून जाताही येत नाही. ती रात्रंदिवस त्याच जागी, त्यामुळे तिचं रक्त सगळ्यात जास्त गेलं.

आज रात्री नऊनंतर बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन जा. दांडीच्या खालच्या अंगाने कागद घासत न्या, आणि जिथे सुतळीची गाठ आहे तिथे दाबून फिरवा. कागदावर तांबडे फराटे उमटले तर दुसरं काही शोधायची गरज नाही. बांबू पोकळ, त्याला चिरा, वर सुतळीचे वेढे. त्याला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

खुडूक कोंबडीला मात्र उद्यावर टाकू नका. आजच तिथून हलवा.

मूळ प्रश्नकर्ती (त्याच रात्री)

आत्ता खुराड्यातून आले. हात गरम पाण्याने धुतले तरी अंगावर काहीतरी चालतंय असं वाटतंय.

पहिल्या दांडीवर कागद फिरवला, दोन-तीन पुसट रेघा आल्या. मग सुतळीची एक गाठ विळ्याने कापली. आत राखाडी पिठासारखा थर होता आणि तो हलत होता. कागदाने दाबल्यावर सगळा कागद तांबडा झाला. पाटीच्या बुडाशीही तेच. ज्या गाठी मी स्वतः घट्ट आवळून बांधल्या होत्या, त्यांतच ही सगळी घाण होती. दादा, फार वाईट वाटतंय. दहा दिवस मी त्यांना पकडून पकडून त्यात टाकत होते.

खुडूक कोंबडीला नव्या टोपलीत कोरडं गवत घालून ओसरीवर आणलंय. अंडी कोरड्या फडक्याने पुसून तिच्याखाली ठेवली. ती बसली आहे, पण मान खाली घालून. बाकीच्या आज गोठ्यातच राहू देत का?

तिसरा प्रतिसाद

आज राहू द्या. पण चार दिवसांच्या वर गोठ्याची सवय लागू देऊ नका, नाहीतर हा किडाही त्यांच्याबरोबर तिकडे मुक्काम हलवेल. वैरणीवर गोणपाट झाका.

उद्या सकाळी सगळा भुसा, गवत, पाटी बाहेर काढा आणि खुराड्यापासून लांब जाळा. उकिरड्यावर टाकू नका. बांबू आणि सुतळीही जाळा, पुन्हा वापरायचा मोह नको. मग उकळतं पाणी घेऊन एकेक फट, बिजागरी, खिळ्याची जागा भिजवा. भिंतीवरून पाणी नुसतं ओघळून उपयोग नाही, फटीत शिरलं पाहिजे. वाळलं की चुन्याचा दाट हात द्या आणि फटी बुजवा. चुना पुरता सुकेपर्यंत कोंबड्या आत नकोत, ओल्या चुन्याने पाय आणि डोळे भाजतात.

नवी दांडी गुळगुळीत रंधलेल्या लाकडाची करा. बांधू नका, दोन्हीकडे खोबणीत नुसती ठेवा, म्हणजे उचलून बाहेर काढता येईल. टोकांना तेल चोळा. कोंबडीमागे वीतभर जागा पुरते.

एकदा करून भागत नाही. उबदार हवेत अंड्यापासून मोठा किडा व्हायला आठवडाच लागतो आणि अंडी उकळत्या पाण्यातूनही कुठेतरी वाचतात. म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी परत, आणि त्यानंतर अजून एकदा. खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं की उपाशी मरतील असं कोणी सांगेल, त्यावर जाऊ नका. रक्ताशिवाय तो कित्येक महिने काढतो.

त्या कोंबडीबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तिला अंड्यांवरून उठवा. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठून खाते. एवढ्या खाण्यावर गेलेलं रक्त भरून येत नाही. अजून आठ दिवस बसली तर पिल्लं निघतील की नाही सांगता येत नाही, कोंबडी मात्र जाईल.

चौथा प्रतिसाद

दोन गोष्टी कळकळीने सांगते. खुराड्यात रॉकेल ओतू नका. अजूनही पुष्कळजण ओततात. ते लाकडात मुरतं, रात्रभर कोंबड्या ती वाफ ओढतात, आणि आगीची भीती वेगळीच. पिकावर मारायचं औषधही नको, त्याचा अंश अंड्यात उतरतो.

माइटवर औषध लागलंच तर पशुवैद्यकाला विचारून, अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालणारंच घ्या. किती दिवस अंडी खायची नाहीत तेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवा. अंगावर पावडर टाकायची तर संध्याकाळी टाका. आणि मोकळ्या जागेत एक खड्डा कोरडी माती आणि चाळलेल्या राखेने भरून ठेवा, कोंबड्या आपणहून त्यात लोळतात.

पाचवा प्रतिसाद

सफाईच्या दिवशी खाद्याचं पोतं बाहेर निघणारच, म्हणून लिहितोय. आधी शेळ्या बांधा.

मी असंच खुराडं धुवायला काढलं होतं आणि पोतं ओसरीवर ठेवलं. शेळीने दावं सोडवून घेतलं आणि कोंबड्यांचं दाणेदार खाद्य पोटभर खाल्लं. संध्याकाळी ती नुसती सुस्त वाटली, मी म्हटलं सकाळी बघू. सकाळी रवंथ बंद, दात करकरा खातेय, पोट हलवलं की आत पाणी डचमळल्यासारखं. डॉक्टर आले, पण फार उशीर झाला होता. दुपारी गेली, पोटात चार महिन्यांचा गाभ होता. शेळीचं पोट चाऱ्यासाठी असतं. एकदम एवढा दाणा पडला की आत आंबतो आणि त्याचं आम्ल रक्तात जातं. शेळीने खाद्य खाल्लेलं दिसलं तर ती धडधाकट दिसत असली तरी त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा.

मूळ प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. जसं घडलं तसं लिहिते.

पहिली सफाई पूर्ण दिवस चालली. पहाटेची धार आणि शेणघाण उरकून सातला सुरुवात केली, तांबडं फुटल्यापासून चुलीवर पाणी उकळत होतं, अकरा हंडे लागले. दाराच्या बिजागरीमागे सगळ्यात जास्त निघाले, तिथे मी कधीच पाहिलं नसतं. शेळ्या आधीच बांधल्या होत्या. सातव्या दिवशी परत केलं, तेव्हा कागदावर चार-पाच रेघा आल्या. चौदाव्या दिवशी तिसऱ्यांदा. काल रात्री कागद कोरा निघाला.

अंडी आता सात-आठ. दोन कोंबड्यांचे तुरे लालभडक झाले, बाकीच्यांचे हळूहळू भरताहेत. गाईची वैरण आता स्वच्छ राहते, आणि ती पूर्वीसारखी गव्हाण चाटून पुसून रिकामी करते.

खुडूक कोंबडीला दुसऱ्या दिवशी उठवलं. ती अंडी खाली ठेवायला दुसरी खुडूक नव्हती. तेराव्या-चौदाव्या दिवसाचं अंडं उजेडासमोर धरलं की आत हालचाल दिसते. मी एकही धरून पाहिलं नाही, तशीच पुरली. कोंबडीला मात्र आठ दिवस ओसरीवर ठेवून उकडलेलं अंडं कुस्करून आणि भिजवलेलं खाद्य देत होते. पाचव्या दिवशी तिने माझ्या हातावर जोरात चोच मारली, तेव्हा मला रडू आलं. आता ती सगळ्यांबरोबर उकरत फिरते.

एकच कोंबडी अजून ऐकत नाही. बाकी तेरा अंधार पडायच्या आत आपापल्या जागी जातात, ही मात्र अजून गोठ्याच्या त्याच वाशावर. मी तिला ओढत नाही. काळोख झाला की हळूच उचलते, नव्या दांडीवर ठेवते, आणि ती बोटं आवळून नीट बसेपर्यंत बॅटरी विझवून तिथेच थांबते.