मदत हवी आहे: कोर्टात जमा असलेले पैसे कारकुनानेच काढले

मंडळी, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कोणी वकील असतील तर प्लीज वाचा. हायवेत काकांची कलमांची बाग गेली, भावकीच्या वादामुळे मोबदला कोर्टात जमा होता, आता वाद मिटला आणि काढायला गेलो तर कळतंय की कोर्टातल्याच कारकुनाने 2023 मध्ये खोट्या सह्यांवर पैसे परस्पर उचलले. नवीन फौजदारी कायदा, भारतीय न्याय संहिता, 1 जुलै 2024 पासूनचा, म्हणजे जुनं आयपीसी 409च (सरकारी नोकराने केलेला विश्वासघात) लागणार ना? जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद, वर दंड. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 (सरकारी नोकराचं गैरवर्तन) पण लावून घेता येईल का? तक्रार आधी जिल्हा न्यायाधीशांकडे द्यायची का थेट पोलिसात? आणि मुख्य म्हणजे त्याला शिक्षा झाली तरी काकांचे पैसे कोण देणार, सरकार भरून देतं का? काका खूप खचलेत हो.