पोटातले झोपलेले विषाणू जुलाबाने निघत नसतात!

निवांत: कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे आतड्यातल्या जिवाणूंत विषाणू दबा धरून बसलेत, सगळ्या दुखण्यांचं मूळ तेच, तेव्हा दर महिन्याला पोट धुऊन काढा. अहो, जिवाणूंना लागण करणारा विषाणू म्हणजे फाज; तो जिवाणूत झोपून राहिला की प्रोफाज. हा प्रोफाज जिवाणूच्या डीएनएतच जाऊन बसलेला असतो. जिवाणू दुभंगला की त्याचीही प्रत निघते. धुणार काय, कपाळ? आपल्या पेशींना त्याची लागण होतच नाही. असले पाहुणे निरोगी माणसाच्या आतड्यातही भरपूर असतात.

वातकुक्कुट: पोट धुणं बंडल, कबूल. पण ‘पाहुणे’? पटकीच्या जंतूला विषाचं जनुक फाजने दिलंय, १९९६ मध्येच दाखवलंय. घटसर्पाचंही तेच. पेशीला न शिवताही माणूस मारता येतो, साहेब.

त्रस्त मामा: आणि रक्ताचे जुलाब लावणारा जिवाणू, ई. कोलाय ओ१५७? त्याचं शिगा विषही प्रोफाजचंच. काही अँटिबायोटिक्सनी जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की प्रोफाज जागा होतो, जिवाणू फुटतो, विष बाहेर. माझ्या भाच्याला रक्ताचे जुलाब लागले. डॉक्टरांनी स्टूल टेस्ट न करताच गोळ्या लिहिल्या. चौथ्या दिवशी लघवी बंद. ११ दिवस डायलिसिस!

रात्रपाळी: मी डॉक्टर. मामा, वाईट वाटलं. पण त्या आजारात किडनी गोळ्या न घेताही बसते. आणि शिगेला या दुसऱ्या जिवाणूची हगवण निघाली असती तर? तिथे अँटिबायोटिक लागतं. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस. तोवर हातावर हात ठेवून बसू?

त्रस्त मामा: बसू नका हो, नमुना तर घ्या! डबी हातात द्यायला कितीसा वेळ लागतो?

रात्रपाळी: एका रात्रीत ६० पेशंट बघा, मग बोला.

त्रस्त मामा: त्या ६० मधला एक माझा भाचा होता.

निवांत: मूळ मुद्दा प्रोफाजचा होता, डबीचा नाही.

वातकुक्कुट: हाच मुद्दा आहे! फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफनी १९५० च्या सुमारास अतिनील किरण मारून झोपलेले फाज उठवले. तेच काम गोळीही करू शकते. तुम्ही बसा निवांत.

निवांत: बरं बाबा, रोगजंतूंमधले प्रोफाज घातक. जिंकलात, हार घालू? पण क्रोन्सच्या, म्हणजे आतडं सुजत राहणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत फाजचे जास्त प्रकार सापडले म्हणून क्रोन्स फाजमुळेच होतो, हे नका ठोकू. आतडं सुजलं की जिवाणूंवर ताण येतो, त्यानेही प्रोफाज उठतात. आधी कोण, ते सांगा.

वातकुक्कुट: मी क्रोन्सचं नावही काढलं नव्हतं.

रात्रपाळी: मामा, गोळीआधी नमुना घ्यायला हवा होता. एवढं मान्य.

त्रस्त मामा: उपकार झाले.